‘डिस्पॅच’ : एका व्यापारी इंग्रजी क्रियापदाचा अर्थ, वर्णलेखन आणि उपयोजन
(बोईसर-तारापूर औद्योगिक परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश : ‘डिस्पॅच’ हे इंग्रजी क्रियापद पालघर जिल्ह्यातील औद्योगिक व्यवहाराच्या मराठीत पूर्णपणे रुळले आहे. त्याच्या दोन इंग्रजी वर्णलेखनांविषयी कार्यालयांत आणि वर्गांत वारंवार शंका घेतली जाते. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती, वर्णलेखनाचा इतिहास, अर्थच्छटा, मराठीतील रूप आणि कायदेशीर दस्तऐवजांतील स्थान यांचा क्रमाने विचार केला आहे. वर्णलेखनाचा प्रश्न वस्तुतः गौण असून हा शब्द व्यवहारातील नेमका कोणता क्षण दर्शवितो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : डिस्पॅच, रवानगी, पोच, व्यापारी इंग्रजी, वर्णलेखन, संयुक्त क्रियापद

१. प्रस्तावना

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत रसायने, रंगद्रव्ये, औषधी द्रव्ये, पोलाद आणि वस्त्रोद्योग यांसाठी परिचित आहे. वसाहतीचे नाव तारापूर, तिचे रेल्वे स्थानक बोईसर आणि जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे व त्यानंतर पालघर, अशी तिची ओळख आहे. येथे तयार झालेला माल मुख्यतः ट्रकने बोईसर-चिल्हार रस्त्यावरून मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गाला लागतो आणि तेथून भिवंडी, न्हावा-शेवा किंवा गुजरातच्या दिशेने जातो. या सर्व हालचालीला परिसरात एकच शब्द वापरला जातो : ‘डिस्पॅच’. ‘आजचा डिस्पॅच किती?’, ‘ऑर्डर डिस्पॅच झाली का?’, ‘तो डिस्पॅचला असतो’ ही वाक्ये मराठी, हिंदी व गुजराती भाषक सारख्याच सहजतेने उच्चारतात.

परिसरातील महाविद्यालयांतून वाणिज्य, विज्ञान आणि कला शाखांचे पदवीधर याच कारखान्यांत व वाहतूक कचेऱ्यांत नोकरीस लागतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या हातून तयार होणारा पहिला इंग्रजी दस्तऐवज हा माल रवाना झाल्याचे कळविणारे पत्र किंवा संदेश असतो. त्यामुळे या एका क्रियापदाचे शिक्षण हा केवळ शब्दसंग्रहाचा प्रश्न राहत नाही. भाषा, वाणिज्य आणि कायदा या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी त्याकडे एकत्रितपणे पाहणे आवश्यक ठरते.

२. व्युत्पत्ती

‘डिस्पॅच’ हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या आरंभी आला. स्पेनमध्ये इंग्लंडचा प्रतिनिधी म्हणून १५१६-१७ मध्ये गेलेला कथबर्ट टन्स्टॉल हा त्याच्या आद्य उपयोजकांपैकी एक मानला जातो. इटालियन भाषेतील ‘दिस्पाच्चारे’ आणि स्पॅनिश भाषेतील ‘देस्पाचार’ ही त्याची मूळ रूपे होत. अडथळा दूर करणे, काम उरकणे, मोकळे करणे हा त्यांतील मूलार्थ आहे. राजदूताला काम उरकून मोकळे करणे, निरोप्याला पत्र देऊन मार्गस्थ करणे या राजनैतिक व्यवहारांतून ‘त्वरेने पाठवणे’ हा अर्थ स्थिर झाला. अर्थात पाठवण्याच्या आधी ‘आपल्याकडून मोकळे करणे’ ही कल्पना या शब्दात आहे. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही गोष्ट ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

या शब्दाचे एक भावंड पालघरच्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या पूर्वीच नांदत होते. वसईपासून तारापूरपर्यंतचा किनारा मराठ्यांनी १७३९ मध्ये जिंकून घेईपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि पोर्तुगीज भाषेत ‘देस्पाशार’ हे क्रियापद व ‘देस्पाशु’ हे नाम प्रशासनात नित्याचे आहे. पोर्तुगीजांकडून मराठीने चावी, पगार, इस्त्री, पाव, बटाटा असे शब्द घेतले. हा शब्द मात्र घेतला नाही. तो मराठीत आला तो इंग्रजीच्या मार्गाने.

३. वर्णलेखन : ‘डी-आय-एस’ की ‘डी-ई-एस’?

इंग्रजीत हा शब्द दोन प्रकारे लिहिला जातो. पहिल्या प्रकारात आरंभी ‘डी-आय-एस’ ही अक्षरे येतात, दुसऱ्यात ‘डी-ई-एस’. उर्वरित भाग दोन्हींत समान आहे. शब्द इंग्रजीत आल्यापासून जवळजवळ तीन शतके तो ‘आय’ने लिहिला जात असे. सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोशात मात्र त्याची नोंद ‘ई’ने झाली. यातील विशेष असा की, जॉन्सन स्वतःच्या लेखनात ‘आय’च वापरीत असे आणि नोंदीखाली त्याने दिलेल्या अवतरणांतील लेखकांचे वर्णलेखनही ‘आय’चेच होते. तरीही कोशाच्या अधिकारामुळे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून ‘ई’चे रूप पसरत गेले. म्हणजे आज अनेकांना अधिक ‘शुद्ध’ व ‘ब्रिटिश’ वाटणारे रूप हे एका कोशातील विसंगत नोंदीतून बळावलेले आहे.

आजची स्थिती अशी : अमेरिकन इंग्रजीत जवळजवळ सर्वत्र ‘आय’चे रूप आढळते. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही रूपे मान्य असून ‘आय’चे रूप अधिक प्रचलित आहे, मात्र संसदेतील पेटीचे नाव किंवा लष्करी गौरवाचा उल्लेख अशा परंपरागत शब्दप्रयोगांत ‘ई’ टिकून आहे. भारतातील सरकारी लेखनावर एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश प्रशासनाचा ठसा असल्याने येथेही ‘ई’ दीर्घकाळ टिकला. भारतीय अध्यापकांच्या परिचयाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १८५४ मधील वुडचा खलिता. ज्या दस्तऐवजाच्या शिफारशींनुसार १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, त्याचे इंग्रजी नाव याच शब्दाने बनले आहे आणि ते बहुधा ‘ई’ने लिहिले जाते.

ही द्विधा अवस्था भारतीय कायद्याच्या भाषेतही उतरली आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याच्या कलम २(९६) मधील व्याख्येत हा शब्द ‘ई’ने येतो, त्याच करप्रणालीतील ई-वे बिलाच्या नमुन्यात माल निघण्याचे ठिकाण दर्शविणारा रकाना ‘आय’ने लिहिलेला आहे. एकाच ट्रकच्या, एकाच मालाच्या संदर्भात दोन्ही वर्णलेखने कायद्याने वापरली आहेत. तेव्हा विद्यार्थ्याने लिहिलेल्या दोहोंपैकी कोणत्याही रूपावर लाल रेघ ओढणे समर्थनीय ठरत नाही. आग्रह धरावयाचा तो एकरूपतेचा : एका पत्रात, एका संस्थेच्या दस्तऐवजांत एकच रूप असावे. नव्याने निवड करावयाची असल्यास इतिहास आणि आजचा प्रघात दोन्ही ‘आय’च्या बाजूने आहेत.

देवनागरीतील लेखनाबाबतही काही नोंदी आवश्यक आहेत. ‘डिस्पॅच’, ‘डिसपॅच’, ‘डिस्पेच’ अशी रूपे फलकांवर व नोंदवह्यांत दिसतात. मूळ उच्चारात ‘स’ आणि ‘प’ जोडून येत असल्याने ‘स्प’ हे जोडाक्षर योग्य होय; आणि जोडाक्षरापूर्वीचा इकार सामान्यतः ऱ्हस्व असतो, या मराठी लेखनाच्या नियमास धरून ‘डि’ ऱ्हस्व राहतो. ‘पॅ’मधील स्वरासाठी ‘ए’ची मात्रा वापरणे हे जुन्या टंकाच्या मर्यादांतून आले असावे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातील प्रमाणीकृत वर्णमालेत ‘ॲ’ या स्वरास स्थान मिळालेले असल्याने ‘डिस्पॅच’ हेच लेखन स्वीकारावे. ‘डिस्पॅचचा’ या षष्ठीच्या रूपात एक मनोरंजक बाब आढळते. त्यातील पहिला ‘च’ तालव्य आणि दुसरा दंततालव्य आहे. लिपीत दोहोंसाठी एकच अक्षर असल्याने वाचणारा अडखळतो. ‘रवानगीचा’ असे लिहिल्यास ही अडचण राहत नाही.

४. अर्थच्छटा आणि वाक्यरचना

इंग्रजीत या क्रियापदाचे तीन प्रमुख अर्थ आहेत. पहिला, व्यक्ती, पत्र वा माल विशिष्ट हेतूने त्वरेने पाठवणे. दुसरा, हातातील काम झटपट निकालात काढणे. तिसरा, ठार करणे. नाम म्हणून त्याचा अर्थ रवानगी, अधिकृत खलिता, वार्ताहराने पाठविलेला वृत्तान्त किंवा तत्परता असा होतो. व्यापारात केवळ पहिला अर्थ अभिप्रेत असला, तरी इतर अर्थांमुळे वाक्यरचनेत सावधगिरी बाळगावी लागते.

मराठीत ‘त्याला माल पाठवला’ या वाक्यात दोन कर्मे येतात. इंग्रजीतील ‘सेंड’ या क्रियापदासही अशी दोन कर्मे चालतात. या सादृश्यावरून विद्यार्थी ‘वी डिस्पॅच्ट हिम द गुड्स’ असे लिहितात. ‘डिस्पॅच’ला अशी रचना सामान्यतः मानवत नाही. ‘काय पाठवले’ हे कर्म म्हणून आणि ‘कोणाकडे’ हे ‘टू’ या शब्दयोगी अव्ययाने यावे. केवळ ‘डिस्पॅच्ट हिम’ एवढेच राहिल्यास वाचकाच्या मनात तिसरा अर्थ डोकावण्याचा धोका असतो, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरा वारंवार आढळणारा दोष काळाचा आहे. ‘वी हॅव डिस्पॅच्ट द गुड्स ऑन ट्वेंटी-एट्थ मार्च’ हे वाक्य भारतीय व्यापारी पत्रांत सर्रास दिसते. निश्चित तारखेचा उल्लेख असताना इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ वापरीत नाहीत. साधा भूतकाळ वापरावा लागतो. मराठीत ‘आम्ही २८ मार्चला माल पाठवला आहे’ हे वाक्य पूर्णतः निर्दोष असल्याने हा दोष विद्यार्थ्यास दोष वाटत नाही. दोन भाषांची तुलना करून दाखविल्याशिवाय तो दूर होणे कठीण आहे.

व्यापारी पत्रात या क्रियापदाभोवती पाच घटक अपेक्षित असतात : कोणी पाठवले, काय व किती, कोठून, कोणामार्फत आणि कोणत्या तारखेस. यांपैकी एखादा घटक गळाल्यास वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर असूनही व्यवहारात अपुरे ठरते.

५. मराठीतील रूप : ‘केला’ आणि ‘झाला’

फारसी-अरबी शब्दांना मराठीने अनेकदा थेट क्रियापदाचे प्रत्यय लावले. ‘खर्च’वरून ‘खर्चणे’, ‘बदल’वरून ‘बदलणे’, ‘कबूल’वरून ‘कबूलणे’ अशी रूपे सिद्ध झाली. इंग्रजी क्रियापदांच्या बाबतीत मराठी सामान्यतः असे करीत नाही. ती मूळ शब्द जसाच्या तसा ठेवून त्यापुढे ‘करणे’ किंवा ‘होणे’ जोडते. त्यामुळे ‘डिस्पॅच करणे’ व ‘डिस्पॅच होणे’ अशी जोडी तयार झाली. लिंग-वचनाचा भार साहाय्यक क्रियापद वाहते : माल डिस्पॅच झाला, ऑर्डर डिस्पॅच झाली, पिंपे डिस्पॅच झाली. नाम म्हणून हा शब्द परिसरात बहुधा पुल्लिंगी वापरला जातो.

या जोडीतील ‘झाला’चे रूप अधिक वापरले जाते आणि अर्थाची संदिग्धता तेथेच उद्भवते. ‘माल डिस्पॅच झाला’ या वाक्यातून कर्ता नाहीसा होतो आणि क्रिया संपल्याचा भाव उरतो. वसाहतीतील व्यवहारात माल बाहेर पडण्याचे किमान चार टप्पे असतात. गाडी लागते, माल चढतो, बिल निघते आणि गाडी फाटकाबाहेर पडते. गोदामातील कामगाराच्या लेखी माल चढला की डिस्पॅच झाला. लेखा विभागाच्या लेखी बिल निघाले की झाला. पहारेकऱ्याच्या लेखी गाडीने फाटक ओलांडले की झाला. आणि दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या खरेदीदाराला मात्र ‘झाला’ ऐकताच माल वाटेवर आहे असे वाटते. प्रत्यक्षात गाडी वाहतूकदाराच्या तळावर दुसऱ्या मालाची वाट पाहत उभी असू शकते. चौघेही एकच शब्द वापरतात आणि चौघांच्याही मनात वेगवेगळा क्षण असतो.

या संदर्भात मराठीची स्वतःची शब्दसंपदा लक्षात घेण्याजोगी आहे. फारसीतून आलेले ‘रवाना’ व ‘रवानगी’, कार्यालयीन मराठीतील ‘जावक’, संस्कृतोद्भव ‘प्रेषक’ व ‘प्रेषण’, राजकीय पत्रव्यवहारातील ‘खलिता’ हे सर्व शब्द ‘डिस्पॅच’च्या एकेका छटेला उत्तर देतात. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या कोशांनी आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतरच्या प्रशासनिक व्यवहाराने कार्यालयीन परिभाषा रुजविली. विशेष म्हणजे या शब्दांची जोडीदार रूपेही मराठीत सिद्ध आहेत : जावक-आवक, रवानगी-पोच. ‘रवानगी’ म्हटले की ‘पोच’ अजून बाकी आहे, हे मराठी वाचकास आपोआप कळते. ‘डिस्पॅच झाला’ म्हटल्यावर मात्र ते कळतेच असे नाही. इंग्रजी शब्द आला, परंतु ‘डिलिव्हर’ या त्याच्या जोडीदारापासूनचा त्याचा भेद तितक्या स्पष्टपणे आला नाही.

६. कायद्याच्या भाषेत रवानगी आणि पोच

हा भेद केवळ शब्दांचा नाही. भारतीय कायदे काही परिणाम रवानगीशी जोडतात, तर काही पोचेशी.

(अ) मालविक्री अधिनियम, १९३० : कलम ३९ नुसार, विक्रेत्याने करारानुसार माल खरेदीदाराकडे पाठवावयाचा असेल, तर तो वाहतूकदाराच्या स्वाधीन करणे हे, विरुद्ध काही दिसून येत नसल्यास, खरेदीदाराच्या स्वाधीन केल्यासारखेच मानले जाते. येथे कायदा रवानगीलाच पोचेचे स्थान देतो. मात्र त्याच कलमात विक्रेत्यावर वाहतूकदाराशी वाजवी करार करण्याची जबाबदारी टाकली आहे. ती न पाळल्यास व माल गहाळ झाल्यास वा बिघडल्यास खरेदीदार ही मानीव पोच नाकारू शकतो.

(आ) वस्तू व सेवा कर : वर उल्लेखिलेल्या कलम २(९६) मध्ये माल ‘हलविणे’ याची व्याख्या पोचविण्यासाठी केलेली रवानगी किंवा खरेदीदाराने स्वतः केलेली उचल अशी आहे. कलम ३१ नुसार, मालाची हालचाल होणार असेल तेव्हा, कर-बीजक त्या वेळी किंवा त्यापूर्वी द्यावे लागते. म्हणजे विक्रेत्याचे करदायित्व रवानगीच्या क्षणाशी बांधलेले आहे. याउलट खरेदीदाराला त्या कराची वजावट मिळण्यासाठी कलम १६(२) नुसार माल प्राप्त झालेला असावा लागतो. एकाच अधिनियमात पाठविणाऱ्यासाठी रवानगी आणि घेणाऱ्यासाठी पोच असे दोन स्वतंत्र क्षण निश्चित केले आहेत.

(इ) सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ : तारापूरमधील लहान कारखानदारांच्या दृष्टीने हा कायदा सर्वांत महत्त्वाचा आहे. कलम १५ नुसार सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे देणे लेखी करारातील मुदतीत, परंतु माल स्वीकारल्याच्या दिवसापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची असते. ‘स्वीकाराचा दिवस’ म्हणजे माल प्रत्यक्ष पोचल्याचा दिवस. खरेदीदाराने त्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतल्यास, ती दूर झाल्याचा दिवस धरला जातो. विलंब झाल्यास कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देय होते. थोडक्यात, हे संरक्षण रवानगीच्या तारखेपासून मिळत नाही; ते पोचेच्या तारखेपासून मिळते आणि ती तारीख सिद्ध करता आली तरच उपयोगी पडते.

(ई) वाहतुकीचे दस्तऐवज : मार्गाने मालवाहतूक अधिनियम, २००७ मध्ये पाठविणाऱ्याने द्यावयाची मालरवानगीची टिपणी आणि वाहतूकदाराने द्यावयाची मालपावती यांची तरतूद आहे. परिसरात ‘एल. आर.’ किंवा ‘बिल्टी’ म्हणून ओळखला जाणारा कागद तो हाच. तो माल वाहतूकदाराच्या ताब्यात गेल्याचा, म्हणजे रवानगीचा पुरावा होय. पोचेचा पुरावा म्हणजे खरेदीदाराची तारीख, सही व शिक्का असलेली पोचपावती.

(उ) घातक रसायने : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धोकादायक माल पाठविणाऱ्याने त्याविषयीची पूर्ण माहिती वाहतूकदारास देणे आणि आणीबाणीच्या सूचना लेखी स्वरूपात चालकाजवळ असणे बंधनकारक आहे. घातक कचऱ्याच्या बाबतीत २०१६ च्या नियमांनी सात प्रतींचे वाहतूकपत्र घालून दिले आहे. त्यांपैकी एक प्रत स्वीकारणाऱ्याच्या सहीनिशी पाठविणाऱ्याकडे परत येते. ती परत आल्याखेरीज पाठविणाऱ्याच्या दप्तरातील नोंद पूर्ण होत नाही. येथे फाटकाबाहेर गेलेली गाडी म्हणजे संपलेले काम नव्हे, हे कायद्यानेच स्पष्ट केले आहे.

हा भेद पत्रव्यवहारातही लागू होतो. महाविद्यालयाच्या जावक नोंदवहीत क्रमांक पडला म्हणजे पत्र ‘दिले’ असा समज आढळतो. सामान्य खंड अधिनियम, १८९७ याच्या कलम २७ नुसार योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून नोंदणीकृत टपालाने पाठविलेले पत्र बजावले गेल्याचे मानले जाते, परंतु ते टपालाच्या नेहमीच्या क्रमाने पोचले असते त्या वेळी, आणि तेही विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. जावक क्रमांक हा रवानगीचा पुरावा आहे, पोचेचा नव्हे.

७. एक उदाहरण

वरील विवेचन एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. तारापूर वसाहतीतील एक लघुउद्योग उत्तरेकडील, १,५०० किलोमीटर अंतरावरील खरेदीदारास रंगद्रव्याची पिंपे पाठवितो. लेखी कराराने ४५ दिवसांची मुदत ठरलेली आहे. २८ मार्च रोजी बीजक निघते व गाडी फाटकाबाहेर पडते. ई-वे बिलाची मुदत १ जानेवारी २०२१ पासून सामान्य मालासाठी दर २०० किलोमीटर किंवा त्याच्या भागास एक दिवस अशी असल्याने या प्रवासास आठ दिवस मिळतात. माल २ एप्रिल रोजी पोचतो.

विक्रेत्याच्या दृष्टीने करदायित्व मार्च महिन्याचे असते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यास ते सामान्यतः २० एप्रिलपर्यंत भरावे लागते, मग पैसे आलेले असोत वा नसोत. खरेदीदारास कराची वजावट मात्र मार्चमध्ये घेता येत नाही, कारण माल एप्रिलमध्ये मिळाला. लेखापालाला प्रश्न पडतो की, ही विक्री सरत्या आर्थिक वर्षाची की नव्या. त्याचे उत्तर मालकी व जोखीम कोठे हस्तांतरित होते यावर, म्हणजे करार ‘कारखान्याच्या दारी’ आहे की ‘खरेदीदाराच्या दारी’ आहे यावर अवलंबून राहते. आणि ४५ दिवसांची मुदत २८ मार्चपासून मोजल्यास १२ मे रोजी संपेल; कायद्यानुसार ती २ एप्रिलपासून मोजावयाची असल्याने १७ मे रोजी संपते.

आता विक्रेत्याकडील तरुण कर्मचाऱ्याने २८ मार्च रोजी ‘गुड्स डिलिव्हर्ड’ असे लिहिले, तर काय होईल? वाटेत अपघात झाल्यास त्याचे स्वतःचे पत्र घटनाक्रमाशी विसंगत ठरेल. उलट, केवळ ‘डिस्पॅच्ट’ लिहून तो थांबला व पोचपावती मागविली नाही, तर सहा महिन्यांनी थकबाकीवर व्याज मागताना मुदत कोणत्या दिवसापासून धरावी हे त्याच्या मालकास दाखविता येणार नाही. ४३-ब या आयकराच्या कलमात वित्त अधिनियम, २०२३ ने घातलेल्या तरतुदीने, करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, सूक्ष्म व लघु उद्योगांना मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत रोखली. तेव्हापासून खरेदीदारही पोचेच्या तारखेकडे बारकाईने पाहू लागले, तर नवल नाही. एका क्रियापदाऐवजी दुसरे लिहिणे ही येथे शैलीची बाब उरत नाही.

८. अध्यापनासाठी काही सूचना

मुंबई विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेत ‘व्यवसाय संप्रेषण’ हा विषय पदवीच्या प्रथम वर्षास दीर्घकाळ शिकविला गेला आहे. व्यापारी पत्रांच्या अध्यापनात पत्राचा आराखडा, अभिवादन व समाप्ती यांवर पुरेसा भर असतो; क्रियापदांच्या नेमकेपणावर तुलनेने कमी. उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

एक, ‘डिस्पॅच’ हा शब्द एकटा न शिकविता ‘ऑर्डर’, ‘इन्व्हॉइस’, ‘डिस्पॅच’, ‘डिलिव्हर’, ‘रिसीव्ह’, ‘ॲक्सेप्ट’ या क्रमात शिकवावा. प्रत्येक क्रियापदाचा कर्ता कोण, त्याचा पुरावा कोणता कागद आणि त्याची तारीख कोणाच्या हाती, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत. ‘डिस्पॅच’चा कर्ता विक्रेता असतो, ‘ॲक्सेप्ट’चा कर्ता विक्रेता कधीही नसतो. अमेरिकन प्रभावाने रूढ झालेले ‘शिप’ हे क्रियापद रस्त्यावरील वाहतुकीसही लावले जाते, हे ई-वे बिलातील ‘शिप टू’ या उल्लेखावरून दाखविता येईल.

दोन, वर्णलेखनाच्या दोन्ही रूपांना गुण द्यावेत, परंतु एकाच उत्तरात दोन्ही आल्यास ते निदर्शनास आणावे. जॉन्सनच्या कोशाचा इतिहास थोडक्यात सांगितल्यास, शुद्धतेच्या कल्पना कशा घडतात याचेही शिक्षण होते.

तीन, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांकडून प्रथम मराठीत ‘रवानगी’ व ‘पोच’ या शब्दांनी वाक्ये लिहून घ्यावीत आणि नंतर इंग्रजीकडे वळावे. ज्या विद्यार्थ्याच्या मनात हा भेद मराठीत स्पष्ट आहे, त्याला इंग्रजीतील भेद परका वाटत नाही. वारली, आगरी अथवा अन्य बोली घरी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या बोलीत ‘निघाला’ आणि ‘पोचला’ यांसाठी काय म्हणतात, हे विचारण्यापासूनही आरंभ करता येईल.

चार, ‘झाला’ऐवजी ‘केला’ लिहिण्याची सवय लावावी. ‘माल डिस्पॅच झाला’ यापेक्षा ‘कारखान्याने २८ मार्च रोजी ४० पिंपे अमुक वाहतूकदारामार्फत रवाना केली, पोच अपेक्षित’ हे वाक्य लांब आहे, परंतु त्यात ‘कोठून’ वगळता बाकीचे चारही घटक आहेत.

९. समारोप

‘डिस्पॅच’ या शब्दाचा प्रवास राजदूतांच्या खलित्यांपासून औद्योगिक वसाहतीच्या फाटकापर्यंत झाला. त्याच्या पहिल्या स्वराविषयीचा वाद एका कोशातील नोंदीतून वाढला आणि आज दोन्ही रूपे कायद्याच्या पानांवर शेजारी नांदत आहेत. ‘आपल्याकडून मोकळे करणे’ हा त्याचा मूलार्थ मात्र पाच शतकांत बदललेला नाही. हा शब्द पाठविणाऱ्याच्या बाजूचा आहे. घेणाऱ्याच्या बाजूने काय घडले याविषयी तो काहीही सांगत नाही. मराठीने ‘रवानगी’ आणि ‘पोच’ या जोडीत हा भेद जपून ठेवलेला आहे. इंग्रजी शब्दाचा स्वीकार करताना तो भेद हरवू न देणे हे अध्यापकांचे काम आहे. तारापूरच्या लहान कारखान्यात पहिली नोकरी करणाऱ्या पदवीधराने शब्द ‘आय’ने लिहिला की ‘ई’ने, यावर त्याच्या मालकाचे काही अडत नाही, त्याने पोचेची तारीख नोंदविली की नाही, यावर मात्र थकलेली रक्कम वसूल होणे अवलंबून असते.